पेल्लेग्रीनो आर्तूझी : एका पाकग्रंथकाराचे गद्यशिक्षण

एकोणिसाव्या शतकातील इटालियन वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पेल्लेग्रीनो आर्तूझी (१८२०–१९११) या गृहस्थाची दीर्घकाळ दखल घेतली नाही, यात आश्चर्य वाटावे असे काही नाही. तो कवी नव्हता, कादंबरीकार नव्हता. रेशमाच्या व्यापारात पैसा मिळवून निवृत्त झालेला तो एक अविवाहित, सुखवस्तू नागरिक होता. पन्नाशी उलटल्यावर त्याने समीक्षक होऊन पाहिले आणि त्यात त्याला यश आले नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्याने स्वयंपाकाचे एक पुस्तक स्वखर्चाने छापले, आणि ते पुस्तक आजही इटलीत छापले जाते, वाचले जाते व स्वयंपाकघरात वापरले जाते. वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा बाळगणाऱ्या या माणसाला वाङ्मयाने जे दिले नाही ते पाकक्रियेने का द्यावे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गद्य म्हणजे काय आणि ते कोणाकडून शिकावयाचे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्या दृष्टीने आर्तूझीच्या चरित्राकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आर्तूझीचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली या लहानशा गावी झाला. रोमान्या त्या वेळी पोपच्या राज्यात मोडत असे. वडिलांचे किराणा व औषधी द्रव्यांचे दुकान होते. कुटुंब मोठे आणि खाऊनपिऊन सुखी होते. जवळच्या बेर्तिनोरो येथील धार्मिक पाठशाळेत त्याचे शिक्षण झाले. पुढे बोलोन्या शहरातील विद्यार्थिवर्गात त्याची ऊठबस असे. तेथील एका खाणावळीत, १८५० साली, त्याची गाठ फेलिचे ओर्सीनी या क्रांतिकारकाशी पडली होती. तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकल्याबद्दल १८५८ मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला, तोच हा ओर्सीनी. ही आठवण आर्तूझीने कोणत्याही राजकीय लेखात नोंदविलेली नाही. ती मॅकरोनीच्या एका पाककृतीत आली आहे. त्याच्या लेखनपद्धतीचे बीज अशा ठिकाणी सापडते.

२५ जानेवारी १८५१ च्या रात्री या कुटुंबाच्या आयुष्याला वेगळेच वळण लागले. ‘पास्सातोरे’, म्हणजे नावाडी, या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला स्तेफानो पेल्लोनी हा दरोडेखोर आपल्या टोळीसह फोर्लिम्पोपोलीत शिरला. गावातील प्रतिष्ठित मंडळी नाट्यगृहात जमली होती. टोळीने रंगमंचाचाच ताबा घेऊन सर्वांना ओलीस धरले आणि एकेकाला पुढे घालून घरे लुटली. आर्तूझींचे दारही परिचिताचा आवाज ऐकून उघडले गेले. त्या रात्री झालेल्या अत्याचारातून पेल्लेग्रीनोची बहीण जेर्त्रूदे सावरली नाही. तिचा मनःसमतोल ढळला आणि पुढे तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. लोककथांनी पास्सातोरेला उदार दरोडेखोर ठरविले. आर्तूझी कुटुंबाला मात्र गाव सोडावे लागले, आणि त्यांनी तोस्काना प्रांतातील फ्लॉरेन्स शहर जवळ केले.

तोस्कानात आर्तूझीने रेशमाच्या व्यापारात जम बसविला. काही काळ तो लिव्होर्नो बंदरातील एका पेढीवर होता, नंतर फ्लॉरेन्समध्ये त्याने स्वतःचा व्यवसाय केला. पंचेचाळिशीच्या सुमारास त्याने व्यापारातून अंग काढून घेतले. हा काळ इटलीच्या इतिहासात मोलाचा आहे. १८६१ मध्ये इटली एक राज्य झाले आणि १८६५ ते १८७१ या वर्षांत फ्लॉरेन्स त्याची राजधानी होते. राज्य एक झाले, पण भाषा एक नव्हती. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, एकीकरणाच्या वेळी इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपास होते. बाकीचे लोक आपापल्या प्रांताची बोली बोलत. फ्लॉरेन्सची जिवंत बोली सर्व देशाने स्वीकारावी, असा अहवाल कादंबरीकार मान्झोनीने १८६८ मध्ये शिक्षणमंत्र्यांना सादर केला आणि त्यावरून मोठा वाद माजला. रोमान्याच्या बोलीत वाढलेला आर्तूझी त्या वेळी फ्लॉरेन्समध्येच होता, आणि तेथील भाषा तो प्रौढ वयात, बाहेरून येऊन शिकला होता. जन्माने लाभलेल्या भाषेकडे माणूस सहसा पाहत नाही. मिळवलेल्या भाषेतील प्रत्येक शब्द त्याला पारखून घ्यावा लागतो. आर्तूझीच्या पुढील लेखनाचे हे एक भांडवल होय.

निवृत्तीनंतर त्याने वाङ्मयाचा व्यासंग सुरू केला. १८७८ मध्ये त्याचे ऊगो फॉस्कोलोचे चरित्र प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये १८२७ साली वारलेल्या या कवीच्या अस्थी १८७१ मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे मंदिरात आणल्या गेल्या होत्या, तेव्हा विषय जनतेच्या मनात ताजा होता. १८८१ मध्ये जुझेप्पे जूस्ती या उपरोधकार कवीच्या तीस पत्रांवरील त्याची टिपणे प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तके त्याने पदरमोड करून छापली आणि दोन्हींकडे वाचकांनी पाठ फिरविली. विषयाची निवड चुकली होती असे म्हणता येत नाही. तथापि फॉस्कोलोवर लिहिण्यास त्या काळी अधिकारी विद्वानांची वाण नव्हती, आणि विद्वानांच्या सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने उठून बोलावे तशी आर्तूझीची अवस्था होती. अशा वेळी वक्ता ज्या चुका करतो त्या ठरलेल्या असतात: तो आवाज चढवितो, भाषा उसनी घेतो, आणि आपल्यापेक्षा मोठ्या माणसांनी ऐकावे म्हणून बोलत असल्यामुळे ज्याला ऐकण्याची खरी गरज आहे असा श्रोता त्याला सापडत नाही.

हा श्रोता त्याला पुढे स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडला. फ्लॉरेन्सच्या पियाझ्झा द'अझेल्यो या चौकातील त्याच्या घरी दोन मांजरे, गावाकडचा आचारी फ्रान्चेस्को रुफ्फील्ली आणि तोस्कानाची मारीएत्ता साबातीनी एवढाच परिवार होता. आर्तूझी स्वतः आचारी नव्हता. मित्रांच्या घरी, खाणावळींत, प्रवासात जे रुचेल ते टिपून आणावयाचे आणि घरी मारीएत्ता व फ्रान्चेस्को यांच्याकडून ते पुनःपुन्हा करवून घ्यावयाचे, हा त्याचा क्रम होता. पदार्थ बिघडला तर प्रमाण बदलावयाचे, साधला तर लिहून ठेवावयाचे. या क्रमात वाक्याची परीक्षा लिहिणाराने करावयाची नसते, ती दुसऱ्याचे हात करतात. एखादी सूचना संदिग्ध असेल तर ती संदिग्धता कणकेत उतरते. समीक्षेच्या ग्रंथातील अस्पष्ट वाक्य वर्षानुवर्षे खपून जाते. पाककृतीतील अस्पष्ट वाक्य दुपारच्या जेवणापर्यंत उघडे पडते. फॉस्कोलोच्या चरित्रकाराला अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती.

या टिपणांतून ४७५ पाककृतींचा ग्रंथ तयार झाला. ‘स्वयंपाकघरातील विज्ञान आणि उत्तम भोजनाची कला’ असे त्याचे नाव. फ्रान्चेस्को त्रेव्हिझान या साहित्याच्या प्राध्यापकाने हस्तलिखित पाहून पुस्तक फारसे चालणार नाही असा अभिप्राय दिला. प्रकाशकांपैकी कोणी नकार दिला, कोणी मानहानिकारक अटी घातल्या. अखेरीस १८९१ मध्ये आर्तूझीने साल्व्हातोरे लांदी या मुद्रकाकडून एक हजार प्रती स्वखर्चाने छापून घेतल्या. प्रारंभी त्या खपेनात. त्याच्या गावी, फोर्लिम्पोपोलीला, धर्मादाय सोडतीसाठी त्याने दोन प्रती पाठविल्या. त्या ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांनी चेष्टा केली आणि तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. हा सारा वृत्तान्त आर्तूझीने पुढील आवृत्त्यांच्या प्रास्ताविकात स्वतः सांगितला आहे आणि आपल्या पुस्तकाची तुलना सिंड्रेलाशी केली आहे. अपमानाची हकीकत कुरकुर न करता, हसतहसत सांगण्याची ही हातोटी त्याच्या समीक्षालेखनातून आलेली नव्हती.

पुस्तकाला पहिला भक्कम आधार पाओलो मान्तेगात्झा याने दिला. मानवशास्त्रज्ञ म्हणून ख्याती पावलेला हा विद्वान १८८१–८२ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला होता आणि त्या प्रवासावर त्याने लिहिलेही होते. त्याच्या शिफारशीनंतर मागणी वाढू लागली. १८९५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली व नंतर आवृत्त्यांची रीघ लागली. पुस्तकाच्या विक्रीची एक रीत येथे नमूद केली पाहिजे. वाचकाने थेट लेखकाला पत्र लिहावे आणि प्रत टपालाने घरी यावी, अशी सोय आर्तूझीने ठेवली होती. या पत्रांतून केवळ मागणी येत नसे. कोणी आपल्या घरची रीत कळवी, कोणी एखादा पदार्थ का बिघडला ते विचारी, कोणी वगळलेल्या पदार्थाची आठवण करून देई. यांत बहुसंख्य गृहिणी होत्या. ओलिंदो ग्वेर्रीनी या कवीसारखे नामवंतही होते. आर्तूझी उत्तरे लिही, सूचना आपल्या स्वयंपाकघरात करून पाही, आणि पुढील आवृत्तीत ग्रंथ वाढत जाई. ४७५ पाककृतींचा हा ग्रंथ त्याच्या हयातीतच ७९० पाककृतींचा झाला. एका देशातील वाचकवर्गाने वीस वर्षे टपालाने घडविलेला ग्रंथ, असे त्याचे वर्णन केले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता या गद्याच्या स्वरूपाकडे वळू. तत्कालीन इटालियन पाकग्रंथांची भाषा निम्मी फ्रेंच असे. मोठ्या घरांतील आचारी फ्रेंच पद्धतीत तयार होत आणि त्यांच्या परिभाषेचे मोडकेतोडके इटालियन रूप छापले जाई. गृहिणीला ते कळत नसे व आचाऱ्याला त्याची गरज नसे. आर्तूझीने ही परिभाषा शक्य तेवढी टाकली. पांढऱ्या सॉसचे ‘बेशामेल’ हे फ्रेंच नाव त्याच्याकडे ‘बाल्सामेल्ला’ होऊन येते. मात्र फ्रेंचच्या जागी फ्लॉरेन्सची बोली आणल्याने दुसरी अडचण उभी राहिली: मिलान वा नेपल्सच्या वाचकाला तीही पूर्ण कळत नव्हती. म्हणून त्याने ग्रंथारंभी तोस्कानी शब्दांची अर्थासह यादी दिली. मान्झोनीच्या अहवालाने जे वरून घडावे अशी अपेक्षा केली होती, ते या चार-दोन पानांच्या यादीने स्वयंपाकघराच्या दारातून घडविले. भाजीचे, भांड्याचे, मांसाच्या भागाचे नाव गावोगाव निराळे होते. ते एक झाल्याखेरीज मिलानची पाककृती नेपल्समध्ये करता येत नव्हती. येथे भाषेचे ऐक्य हे देशभक्तीचे घोषवाक्य राहिले नाही, ते रात्रीच्या जेवणाची गरज झाले.

दुसरे वैशिष्ट्य निवेदनाचे आहे. आर्तूझीच्या पाककृतींना क्रमांक आहेत, ग्रॅममध्ये मापे आहेत, पण त्या कोरड्या नाहीत. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपाच्या कृतीत तो १८५५ च्या लिव्होर्नोत शिरतो. खाणावळीत तो मिनेस्त्रोने खातो, रात्री पोटाने हैराण होतो, दोष त्या सूपाला देतो आणि फ्लॉरेन्सला निघून जातो. तेथे त्याला कळते की लिव्होर्नोत पटकीची साथ सुरू झाली असून ज्याच्या घरी तो उतरला होता तो घरमालक तिचा पहिला बळी ठरला. मग तो शांतपणे सूपाची स्वतः सुधारलेली कृती देतो. टोमॅटोच्या सॉसच्या आरंभी रोमान्यातील एका पाद्र्याची कथा येते: तो प्रत्येकाच्या घरात नाक खुपसत असल्यामुळे, सगळ्या पदार्थांत जाणाऱ्या टोमॅटोचे नाव लोकांनी त्याला दिले होते. स्ट्रुडेल ताटात आल्यावर जळूसारखा वा बेढब सापासारखा दिसेल, पण चवीने समाधान करील, असा इशारा तो आधीच देऊन ठेवतो. हे निव्वळ चुटके नव्हेत. प्रथमच एखादा पदार्थ करणाऱ्याला भीती वाटते; आपण केले ते बरोबर की बिघडले, हे त्याला कळत नाही. गोष्टीमुळे ती भीती ओसरते, आणि इशाऱ्यामुळे नजरेला काय अपेक्षावे ते समजते. आर्तूझीचा विनोद अशा रीतीने सूचनेचेच काम करतो. जूस्तीच्या उपरोधावर टिपणे लिहिताना जे साधले नाही ते त्याला येथे साधले, कारण येथे विनोदाला कामाची जागा मिळाली.

या यशाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ग्रंथ राष्ट्राचा म्हणून नावाजला गेला, तरी त्याची मुळे रोमान्या, एमिलिया आणि तोस्काना या तीन प्रदेशांत आहेत. दक्षिण इटलीला त्यात फार अपुरी जागा आहे. नेपल्सच्या नावाने येणारा ‘पिझ्झा’ तेथे गोड पदार्थ म्हणून येतो. याच काळात उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या पिठावर दिवस काढीत होते आणि त्या एकांगी आहारातून होणारा पेलाग्रा त्यांना ग्रासत होता. रोज मांस, लोणी आणि अंडी परवडणारा वाचक आर्तूझी गृहीत धरतो. राष्ट्रीय स्वयंपाक म्हणून जे लिहिले गेले ते एका वर्गाच्या चुलीवर शिजलेले होते. जेर्त्रूदेच्या रात्रीची हकीकतही या पुस्तकाचा विषय झाली नाही. ज्या रोमान्यातून त्याला निघावे लागले तिचे रुचकर पदार्थ मात्र त्याने एकेक करून नोंदविले; नाताळात होणाऱ्या, सारण भरलेल्या ‘काप्पेल्लेत्ती’ला ग्रंथाच्या आरंभी मानाचे स्थान दिले. यातून काय तर्क करावयाचा तो वाचकाने करावा. गाव सोडलेल्या माणसाजवळ गावाची चव राहते, एवढे विधान पुरेसे आहे.

३० मार्च १९११ रोजी, नव्वदाव्या वर्षी, आर्तूझी फ्लॉरेन्समध्ये वारला. मृत्युपत्राने त्याने मालमत्तेचा मोठा भाग आपल्या जन्मगावाला दिला. ज्या गावाने त्याच्या प्रती तंबाखूवाल्याकडे पोचविल्या तेच हे गाव. ग्रंथाचे हक्क त्याने मारीएत्ता आणि फ्रान्चेस्को यांना दिले. मारीएत्ताचे नाव ग्रंथात आधीच आले होते: नाताळच्या एका गोड पावाला त्याने तिचे नाव देऊन तो तिने शिकविलेला असल्याचे मान्य केले होते. या मृत्युपत्राकडे केवळ धन्याची उदारता म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ग्रंथाचे कर्तृत्व कोणाकोणाचे, याविषयी ग्रंथकाराने कायद्याच्या भाषेत दिलेला तो कबुलीजबाब आहे. मुखपृष्ठावर एकाचे नाव राहिले. उत्पन्न मात्र त्या हातांकडे गेले ज्यांनी त्याची वाक्ये करून पाहिली होती.

अभ्यासकांनी या ग्रंथाकडे वळण्यास बराच वेळ घेतला. १९७० मध्ये पिएरो काम्पोरेझीने त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि देशाच्या ऐक्याच्या कामी मान्झोनीच्या कादंबरीपेक्षा या पाकग्रंथाने अधिक केले असे प्रतिपादन केले. आर्तूझीचे आत्मचरित्र तर १९९३ मध्ये छापले गेले. २००७ मध्ये फोर्लिम्पोपोलीत त्याच्या नावाची एक संस्था उघडली. तेथे त्याचा पत्रव्यवहार जतन केलेला आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला या चरित्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र’ हा हजार पाकक्रियांचा ग्रंथ १९१० च्या सुमारास, म्हणजे आर्तूझीच्या अखेरच्या आवृत्त्यांच्या काळात प्रसिद्ध झाला. बंगालीत ठाकूर घराण्यातील प्रज्ञासुंदरी देवी यांनी आमिष व निरामिष आहारावर विस्तृत लेखन केले. असमिया साहित्याचे अध्वर्यू लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांच्या त्या पत्नी, हे सर्वश्रुत आहे. परंतु पतीच्या गद्यावर प्रबंध होतात आणि पत्नीच्या गद्याकडे कोणी गद्य म्हणून पाहत नाही. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली, काम्पोरेझीच्या आवृत्तीच्याच वर्षी, निघाली. वाटी आणि चमचा ही तिने सर्वमान्य केलेली मापे मराठी घरांत आज मुखोद्गत आहेत. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्ये भारतीय पाकग्रंथांची चर्चा राष्ट्रीय पाकसंस्कृतीच्या घडणीच्या अंगाने केली. ती समाजशास्त्राला मोलाची आहे. वाक्यरचना, शब्दनिवड, वाचकाशी जोडलेले नाते, प्रमाणभाषा आणि बोली यांची देवघेव, या अंगांनी हे ग्रंथ वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे, आणि ते बव्हंशी बाकी आहे.

आर्तूझीच्या उदाहरणावरून या कामाची दिशा सुचते. साहित्यावर लिहून जो लेखक होऊ शकला नाही तो सूपाची कृती लिहून लेखक झाला, याचे कारण त्याने विषय हलका घेतला हे नव्हे. ज्याला वाक्य वापरावयाचे आहे अशा वाचकासाठी तो लिहू लागला, आणि त्या वाचकाने परत पाठविलेली दुरुस्ती त्याने स्वीकारली. आपल्या भाषांतील आधुनिक गद्याची जडणघडण तपासताना आपण वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके आणि कादंबऱ्या वाचतो. त्याच दशकांत गृहिणींसाठी लिहिलेली, पिठाचे व तेलाचे डाग पडलेली पुस्तके त्या यादीत नसतील, तर त्या गद्याचा इतिहास अपुरा राहील.